युनिव्हर्सिटी चॅलेंज: ऑक्सफर्ड-केंब्रिजचं पारडं खरंच हलकं झालं का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या टीव्हीवरच्या ब्रिटिश कॉलेज क्विझमध्ये 2019 ते 2024 अशी सलग सहा वर्षं ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या एकाही कॉलेजला विजेतेपद मिळालं नाही. म्हणजे क्विझची ताकद लंडनकडे आणि उत्तरेकडे सरकली का? सरकली असेल तर कशामुळे?

सरकली आहे, पण विजेत्यांची यादी पाहून वाटतं तेवढी नाही. आणि जेवढी सरकली, त्याचा कुठल्या शहरात हुशार मुलं जास्त जातात याच्याशी फारसा संबंध नाही. एका खेळाडूला वर्षभरात दर्जेदार प्रश्नांवर बझर दाबायची संधी किती वेळा मिळते, यावर बहुतेक सगळं ठरतं. ही संधी वाढवणारी व्यवस्था जिथे बसली तिथे संघ वर आले, आणि ती चालवणारी माणसं शिकून बाहेर पडली की खालीही आले.

आधी मोजायचं काय ते ठरवू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. या कार्यक्रमात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठं म्हणून उतरत नाहीत. त्यांची कॉलेजं वेगवेगळे संघ पाठवतात. मँचेस्टर, वॉरिक, एडिनबरा मात्र अख्ख्या विद्यापीठाचा एकच संघ उतरवतात. ही तक्रार जुनी आहे. 1975 मध्ये मँचेस्टरच्या संघाने याच कारणासाठी निषेध म्हणून प्रश्नामागून प्रश्नाला ‘मार्क्स’, ‘ट्रॉट्स्की’, ‘चे गेव्हारा’ अशीच उत्तरं दिली होती. पण या नियमाचा फायदा कुणाला होतो हे दिसतं तितकं सरळ नाही. मुख्य स्पर्धेत 28 संघ असतात आणि त्यांत ऑक्सब्रिजचे, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे, आठ-दहा तरी सहसा असतात, म्हणजे तिकिटं जास्त. उलट प्रत्येक तिकिटामागची माणसं कमी. एखाद्या कॉलेजात पदवीचे चार-पाचशे विद्यार्थी. त्यांतून चार तगडे क्विझर निघणं ही बरीचशी नशिबाची गोष्ट. मँचेस्टरसारखं विद्यापीठ हजारोंमधून चार निवडतं. आज ऑक्सफर्डमधले सर्वांत चांगले चार खेळाडू चार वेगळ्या कॉलेजांत विखुरलेले असतील, तर टीव्हीवर ते कधीच एका बाकावर दिसणार नाहीत.

म्हणूनच ऑक्सफर्ड आणि केंब्रिज जिथे विद्यापीठ म्हणून खेळतात, त्या विद्यार्थी क्विझबोल (म्हणजे अमेरिकन धर्तीच्या बझर-क्विझ) स्पर्धांमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे ही दोन्ही विद्यापीठं अजूनही वरच्या फळीत आहेत. ‘ऑक्सब्रिज संपलं’ म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

आता यादी. कार्यक्रम 1962 मध्ये बॅम्बर गॅसकॉइन यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाला, 1987 मध्ये थांबला आणि 1994 मध्ये जेरेमी पॅक्समन यांच्यासह परत आला. 1995 ते 2025 या काळात 31 विजेते झाले. त्यांत ऑक्सफर्डची 8, केंब्रिजची 7 आणि बाकी सगळ्यांची मिळून 16. सरासरी काढली तर निम्मं-निम्मं, पण ही विजेतेपदं सारखी पसरलेली नाहीत, झुबक्यांनी येतात. 2006 ते 2013 या आठ वर्षांत मँचेस्टरची चार. 2014 ते 2018 अशी पाचही वर्षं ऑक्सब्रिजची, त्यांतली चार केंब्रिजची: ट्रिनिटी, गॉनव्हिल अँड कीज, पीटरहाउस आणि सेंट जॉन्स, मधलं 2017 तेवढं ऑक्सफर्डच्या बेलियलचं. मग ती सहा वर्षं आली: एडिनबरा, लंडनचं इम्पीरियल कॉलेज, वॉरिक, इम्पीरियल, डरॅम, इम्पीरियल. 2025 मध्ये केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिकला हरवून ती मालिका तोडली. 2018 मध्ये हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर उत्तराला ‘केंब्रिजचं साम्राज्य’ असं शीर्षक पडलं असतं. शेवटच्या पाच-सहा वर्षांवरून सिद्धांत मांडायची घाई का करू नये, ते यावरून कळावं.

या घाईला आकड्यांतही आधार नाही. स्पर्धेची रचना पाहा. पहिल्या फेरीत 14 लढती होतात. हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचे चार संघ उरलेल्या दोन जागांसाठी आपसांत खेळतात. मग 16 संघांची दुसरी फेरी, आणि उपांत्यपूर्व फेरीत दोनदा हरण्याआधी दोनदा जिंकावं लागतं. त्यापुढे उपांत्य आणि अंतिम सामना. एकूण 37 लढती. समजा, एखादा संघ इतका चांगला आहे की समोर कुणीही असो, जिंकायची शक्यता 60 टक्के. पहिल्या दोन फेऱ्या पार करायची शक्यता 36 टक्के, उपांत्यपूर्वमधून निघायची सुमारे 65 टक्के, शेवटच्या दोन लढतींची पुन्हा 36 टक्के. गुणाकार केला की हाती येतात जेमतेम 8 टक्के. हीच शक्यता दर लढतीला 75 टक्के धरली, म्हणजे संघ खरोखर दादा आहे असं मानलं, तरी विजेतेपदाची शक्यता 27 टक्क्यांच्या आसपासच राहते. चार वर्षांतून एकदा! तेव्हा मँचेस्टरने आठ वर्षांत चार किंवा इम्पीरियलने पाच वर्षांत तीन जिंकणं हा निव्वळ योगायोग नाही. पण एडिनबराच्या एका विजेतेपदावरून स्कॉटलंडच्या उदयाबद्दल लेख पाडू नये.

शिवाय यादीत ठिगळंही आहेत. 2009 चा अंतिम सामना ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टीने मँचेस्टरविरुद्ध 275–190 असा मैदानात जिंकला. पण त्यांचा एक खेळाडू स्पर्धा संपेपर्यंत विद्यार्थी राहिलेला नव्हता, म्हणून विजेतेपद काढून मँचेस्टरला दिलं गेलं. अमेरिकेतही 2013 मध्ये क्विझबोल स्पर्धा घेणाऱ्या नॅक्ट या संस्थेने हार्वर्डची चार विजेतेपदं रद्द केली. हार्वर्डचा एक खेळाडू संस्थेसाठी प्रश्नही लिहीत होता आणि त्याने संस्थेच्या संकेतस्थळावरची, प्रश्नांचे तुकडे दिसतील अशी अंतर्गत पानं उघडली होती. म्हणून ताकद मोजताना विजेतेपदं हा सर्वांत कच्चा मापदंड समजावा.

चांगला मापदंड बोनसचा. स्टार्टर म्हणजे बझर दाबून सोडवायचा प्रश्न, त्याचे 10 गुण. जो बरोबर दाबेल त्याच्या संघाला तीन बोनस, प्रत्येकी 5 गुणांचे. स्टार्टर किती मिळाले हे समोरच्या बझरवरही अवलंबून असतं. कमकुवत संघासमोर कुणीही पंधरा उचलतो. बोनसमध्ये समोरचा आड येत नाही, तिथे फक्त आपला संघ आणि प्रश्न. संघाला मिळालेल्या बोनस प्रश्नांपैकी किती टक्के बरोबर आले, हा आकडा म्हणून बराच स्थिर राहतो. ढोबळ मानाने निम्मे म्हणजे मधल्या फळीतला संघ, 60 टक्क्यांच्या वर सातत्याने राहिला तर शेवटच्या चारांत शोभेल असा. एक लढत अशी कल्पा: ‘क’ने 10 स्टार्टर घेतले आणि 30 बोनसपैकी 18 बरोबर दिले, गुण 190. ‘ख’ने 12 स्टार्टर घेतले, पण 36 पैकी 13च जमले, गुण 185. बझरवर ‘ख’ पुढे, फळ्यावर ‘क’. पुढच्या फेरीसाठी पैज लावायची तर ‘क’वर लावावी.

अमेरिकन क्विझबोलने हा प्रश्न आणखी नीट सोडवला आहे, आणि प्रादेशिक ताकद मोजायची तर तीच रीत उचलावी. 1996 मध्ये स्थापन झालेली नॅक्ट दरवर्षी देशभरात वेगवेगळ्या केंद्रांवर एकच प्रश्नसंच वापरून विभागीय स्पर्धा घेते. राष्ट्रीय स्पर्धेची निमंत्रणं केवळ ‘आमच्या विभागात पहिले आलो’ म्हणून मिळत नाहीत. प्रत्येक संघाचा ‘डी-व्हॅल्यू’ काढतात. त्यात स्टार्टरवरची कामगिरी समोर आलेल्या संघांच्या वजनानुसार दुरुस्त करून धरतात, आणि बोनसची सरासरीही येते. त्यामुळे कडक विभागात पाचवा आलेला संघ सोप्या विभागातल्या पहिल्याच्या वर जाऊ शकतो. तुलना शक्य होते कारण प्रश्न सगळीकडे सारखे. आपल्याकडच्या दोन शहरांची तुलना करताना नेमकी हीच अट तुटते. पुण्यातली फायनल पुण्याच्या क्विझमास्टरने लिहिलेली, दिल्लीतली दिल्लीच्या. मग कोण भारी हे कशाच्या आधारावर सांगणार?

आता खरोखर काय सरकलं ते.

पहिला बदल मँचेस्टरचा. तिथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारे आणि पूर्वी स्वतः या कार्यक्रमात खेळलेले स्टीफन पिअरसन वर्षानुवर्षं संघाची निवड आणि तयारी पाहत होते. यात महत्त्वाचा शब्द ‘वर्षानुवर्षं’. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. निवडचाचणी कधी लावायची, गेल्या वर्षी काय चुकलं, राखीव खेळाडू कोण होता, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. निघून न जाणारा एक माणूस असला की ही गळती थांबते. ऑक्सब्रिजच्या कॉलेजांत बहुधा दरवर्षी कुणीतरी उत्साही विद्यार्थी नव्याने संघ उभा करतो. तो उत्साही असेल तर संघ होतो, नसेल तर नाही. कॉर्पस क्रिस्टीचा 2009 चा संघ पाहा: गेल ट्रिम्बल यांनी संघाच्या गुणांपैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्याने मिळवले, उपांत्यपूर्व सामन्यात एक्झेटरचा 350–15 असा फडशा पाडला. असा संघ भीतिदायक असतो, पण तो एका वर्षाचा असतो.

दुसरा बदल लंडनचा, आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांमुळे. एक वर्षाच्या मास्टर्ससाठी किंवा पीएचडीसाठी जगभरातून लोक लंडन, वॉरिक, एडिनबरा इथे येतात. पंचविशी उलटलेला खेळाडू अठरा वर्षांच्या मुलापेक्षा सात-आठ वर्षं जास्त वाचून आलेला असतो. या प्रकारच्या क्विझमध्ये तेवढा फरक पुरतो. 1999 चं ओपन युनिव्हर्सिटी आणि 2003 चं बर्कबेक यांनी, म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांच्या संस्थांनी, हे आधीच दाखवून दिलं होतं. इम्पीरियलच्या 2020 च्या संघात ब्रँडन ब्लॅकवेल होता: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, अमेरिकन क्विझच्या आखाड्यात तयार झालेला, पुढे ‘द चेस’ या टीव्ही क्विझच्या अमेरिकन आवृत्तीत दिसलेला. इम्पीरियलचा सराव क्विझबोलच्या पद्धतीवर बसवण्यात त्याचा मोठा हात होता. त्या संघाने अंतिम सामना केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टीविरुद्ध 275–105 असा एकतर्फी जिंकला. आणि मुद्दा असा की तो संघ गेल्यावरही इम्पीरियल थांबलं नाही. 2022 मध्ये रेडिंगला आणि 2024 मध्ये यूसीएलला (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) हरवून पाच विजेतेपदांचा विक्रम त्यांनी केला. 2024 चा अंतिम सामना लंडनच्याच दोन संस्थांमध्ये झाला, हेही लक्षात घ्या.

तिसरा बदल क्विझबोलचा प्रसार, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. अमेरिकन प्रश्नसंच ब्रिटनमध्ये वाचले जाऊ लागले, तसे एका शनिवारी आठ-दहा लढती खेळायला मिळू लागल्या. एका लढतीत 20 स्टार्टर धरले तर दिवसाला दीड-दोनशे. टीव्हीच्या एका भागात बावीस-पंचवीस स्टार्टर असतात. फक्त टीव्हीच्या भरवशावर असलेला खेळाडू पूर्ण मोसमात जेवढे प्रश्न ऐकतो, तेवढे दुसरा एका सुट्टीच्या दिवशी संपवतो.

इथेच भूगोल खऱ्या अर्थाने आत येतो. लंडनहून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वॉरिकजवळचं कॉव्हेन्ट्री ही तिन्ही ठिकाणं रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर. सकाळी निघून रात्री परत येता येतं. एडिनबराहून लंडन साडेचार तास, म्हणजे मुक्काम आला, खर्च आला, आणि विद्यार्थी संघटनेकडे पैसे मागणं आलं. अमेरिकेतही हेच, फक्त रेल्वेऐवजी मोटार: चार खेळाडू आणि एक बझरसंच एका गाडीत मावतात, म्हणून ईशान्येत किंवा पंचमहासरोवरांच्या भोवती, जिथे तीन-चार तासांच्या टप्प्यात डझनभर विद्यापीठं आहेत, तिथे स्पर्धा जास्त होतात आणि संघ लवकर पिकतात. रॉकी पर्वतांकडच्या विद्यापीठाला तोच सराव विमानाने विकत घ्यावा लागतो. 2020 मध्ये महासाथीमुळे स्पर्धा डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या अ‍ॅपवर गेल्या आणि लांब असण्याचा तोटा बराच कमी झाला. तरी ऑनलाइन बझर आणि हातातला बझर यांत फरक राहतोच. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचला तर वेगवान खेळाडूच आधी मार खातो.

क्विझबोलच्या सरावाने नेमकं काय बदलतं, हे एका प्रश्नावरून पाहू. तिथला स्टार्टर अवघडाकडून सोप्याकडे उतरतो. समजा असा:

“जावाचे लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी याच्याविषयी आपल्या अधिकाऱ्यांकडून लेखी वृत्तांत मागवले. याच्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा असा झालाच नाही. सुंबावा बेटावरच्या, 1815 मध्ये भीषण उद्रेक झालेल्या या इंडोनेशियन ज्वालामुखीचं नाव काय?”

नवखा ‘इंडोनेशियन ज्वालामुखी’ ऐकून दाबतो, आणि घाईत क्राकाटोआ म्हणतो. तो 1883 चा. वाचणारा मुलगा ‘उन्हाळा झालाच नाही’ इथे 1816 ओळखून तंबोरा म्हणतो. मुरलेला खेळाडू रॅफल्स आणि ‘वृत्तांत’ हे दोन शब्द जोडून पहिल्याच वाक्यात संपवतो, कारण रॅफल्स जावात 1811 ते 1816 होता आणि त्या काळात अधिकाऱ्यांकडून वृत्तांत मागवण्यासारखं नैसर्गिक संकट एकच, हे त्याला ठाऊक असतं. तिघांनाही उत्तर ‘येत’ असतं. फरक आहे तो किती आधी येतं यात, आणि ते ‘आधी’ फक्त पुस्तकं वाचून येत नाही. शेकडो प्रश्न ऐकून, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाचा पहिला दुवा वहीत उतरवून येतं. उत्तर उतरवणारे पुष्कळ असतात. उतरवायचा असतो तो दुवा.

पण क्विझबोलवर पोसलेला संघ टीव्हीवर अडखळतोही. युनिव्हर्सिटी चॅलेंजचे स्टार्टर आखूड, एक-दोन वाक्यांचे. बऱ्याचदा मध्येच वळण घेतात. “अमुकचा लेखक तमुक, तर ढमुकचा कोण?” अशा रचनेत लवकर दाबणारा आधीच्या अर्ध्याचं उत्तर देऊन बसतो. शिवाय एका भागात दोन चित्रफेऱ्या आणि एक संगीतफेरी असते. क्विझबोलमध्ये प्रश्न वाचून दाखवतात. चित्र ओळखणं, सुरावट ओळखणं तिथे नाही. सिंफनीची सगळी माहिती पाठ, पण वाजवून दाखवली तर ओळखू येत नाही, असे संघ दिसतात. आणि अक्षरांचे खेळ, झटपट गणित, ब्रिटिश राजांचे क्रम, नद्या-परगणे हे परदेशी खेळाडूंचे हमखास कच्चे दुवे. उपाय सोपा आहे: शेवटच्या दोन महिन्यांत सरावाचा निम्मा वेळ कार्यक्रमाच्या जुन्या भागांना द्यायचा आणि चित्र-संगीतासाठी एक माणूस नेमायचा.

चुकीच्या वेळी दाबण्याची किंमतही लोक कमी धरतात. प्रश्न तोडून चुकीचं उत्तर दिलं की 5 गुण जातात हे सगळ्यांना दिसतं. पण त्यानंतर समोरचा संघ पूर्ण प्रश्न निवांत ऐकतो. त्यांनी साठ टक्के वेळा तो सोडवला आणि 10 गुणांवर सरासरी 8 बोनस मिळवले, तर त्यांच्या खात्यात सरासरी 11 पडतात. म्हणजे दंड दिसतो 5 चा, बसतो 16 चा. म्हणून दाबू नये असं नाही. तुल्यबळ संघासमोर न दाबणं जास्त महाग पडतं. साठ-पासष्ट टक्के खात्री असेल तर दाबावं. कमकुवत संघासमोर मात्र थांबायला हरकत नाही, आणि मोठे संघ अनेकदा हरतात ते इथेच: सोप्या लढतीतही त्याच वेगाने दाबत राहतात.

निवडीबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण बरीच कॉलेजं तिथेच हरतात. सगळ्यांची लेखी चाचणी घ्यायची आणि वरचे चार उचलायचे, ही रीत चुकीची आहे. 60 प्रश्नांची चाचणी घ्या आणि कुणाला कोणता प्रश्न आला याचा तक्ता करा. समजा ‘अ’ला 38 आले. ‘ब’ला 36 आले, पण त्यांतले 31 ‘अ’लाही येत होते, दोघांचे मिळून 43. ‘क’ला फक्त 27 आले, पण त्यांतले 13च ‘अ’शी सामाईक, दोघांचे मिळून 52. बेरजेच्या क्रमाने ‘ब’ निवडला जाईल आणि बोनसवर संघ उपाशी राहील. आधी सर्वाधिक गुणांचा एक घ्या, मग प्रत्येक पायरीला एकूण व्याप्ती सर्वाधिक वाढवणारा पुढचा. साहित्य-इतिहासाचे तिघे आणि विज्ञानाचा कुणीच नाही, ही ऑक्सब्रिजच्या लहान कॉलेजांची नेहमीची अडचण. इम्पीरियलची उलटी असायला हवी होती, कारण ती विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था. तरी ते जिंकतात, कारण चित्रकला आणि साहित्य हे विषय सरावाने भरून काढता येतात. गणित-भौतिकीचे प्रश्न मुळात शिकलेले नसतील तर तितके लवकर भरून निघत नाहीत. विज्ञानाच्या माणसाला पुनर्जागरणातले चित्रकार शिकवणं हे इतिहासवाल्याला क्वांटम शिकवण्यापेक्षा सोपं.

पाचवा खेळाडू, म्हणजे राखीव, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा असावा, आणि त्याला प्रत्येक सरावाला बसवावं. पुढच्या वर्षीचा कप्तान तोच. खेळाडूची विद्यार्थी म्हणून नोंदणी चित्रीकरणाच्या पूर्ण काळात टिकणार का, हे निवडीआधी लेखी तपासा. 2009 चं प्रकरण तिथेच उद्भवलं.

मराठी वाचकांसाठी या गोष्टीत एक थेट दुवा आहे. बीबीसी वर्ल्डवर सिद्धार्थ बसू यांनी चालवलेल्या भारतीय युनिव्हर्सिटी चॅलेंजचा 2003–04 चा मोसम मुंबईच्या अंधेरीतल्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने जिंकला. मग त्यांनी ब्रिटिश स्पर्धेतल्या त्या वर्षीच्या उपविजेत्यांना, केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजला, हरवलं. ब्रिटिश विजेते ऑक्सफर्डचे मॅग्डलेन त्या लढतीला येऊ शकले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही कीज काही लेचापेचा संघ नव्हता.

भारतातही ताकदीची केंद्रं सरकली ती याच नियमाने. नील ओब्रायन यांनी 1967 मध्ये कलकत्त्यात जाहीर क्विझ सुरू केलं आणि बराच काळ ते शहर पुढे राहिलं. 1983 मध्ये बंगळुरात कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली आणि तिथे नियमित क्विझ होऊ लागले. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबवरून नाव घेतलेल्या बोट क्लब क्विझ क्लबने कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना आणि आत असलेल्यांना एकाच खोलीत बसवलं. मँचेस्टरमध्ये जे काम एक माणूस करत होता, ते इथे क्लबने केलं.

आपल्या मुलांना ब्रिटिश किंवा अमेरिकन पद्धतीत जायचं असेल तर अडचण ज्ञानाची येत नाही, सवयीची येते. आपलं कॉलेज क्विझ पाउन्स-बाउन्सवर चालतं: लांब प्रश्न पडद्यावर, सगळ्यांना वेळ, चिठ्ठीवर उत्तर, नाहीतर प्रश्न पुढच्या टेबलाकडे. त्यात फंडा उलगडून उत्तरापर्यंत पोचण्याचं कौशल्य तयार होतं, आणि ते बोनसवर फार उपयोगी पडतं, कारण चौघांना कुजबुजून ठरवायचं असतं. बझरवर मात्र हीच मुलं दोन शब्द उशिरा पोचतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला जाणाऱ्याने निघण्याच्या सहा महिने आधीपासून रोज अर्धा तास क्यूबी रीडरसारख्या फुकट साधनावर, जिथे प्रश्न शब्दाशब्दाने पडद्यावर येतो, प्रश्न वाचत दाबण्याचा सराव करावा. सुरुवातीला शाळेच्या पातळीचे, मग कॉलेजच्या सोप्या स्पर्धांचे. दाबल्यावर प्रश्नाचा किती भाग वाचून झाला होता तो आकडा टिपून ठेवावा. सुरुवातीला तो 80 टक्क्यांच्या आसपास असतो. 60 पर्यंत उतरला आणि चुकांचं प्रमाण पाचात एकाच्या वर गेलं नाही, की विद्यापीठाच्या निवडचाचणीला बसायला हरकत नाही. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात क्विझ सोसायटीत नाव घालावं. एका वर्षाच्या मास्टर्सचा खेळाडू ऑक्टोबरमध्ये आला आणि चौकशी जानेवारीत केली, तर तोवर निवड होऊन गेलेली असू शकते.